बाईंचा हात, मुलाचा कागद

दोन डोंगर, त्यांच्या खाचेतून डोकावणारा अर्धा सूर्य, पायथ्याशी कौलारू घर, घराच्या बाजूने वळत वळत कागदाच्या खालच्या कडेला लागणारी नदी आणि आभाळात इंग्रजी ‘एम’सारखे चार पक्षी. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या माणसाला हे चित्र अर्ध्या झोपेतही काढता येतं. बाई फळ्यावर काढायच्या, आपण वहीत उतरवायचो. ज्याचं फळ्याशी जास्त जुळेल त्याला ‘छान’. हात बरा असेल तर पुढे एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट, म्हणजे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. या परीक्षांनी कितीतरी पिढ्यांच्या हाताला वळण लावलं, त्याबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. अडचण पुढे येते. वळण लागलेला हा हात चार वर्षांच्या मुलांच्या वर्गात शिक्षिका म्हणून उभा राहतो, तेव्हा आपसूक खडू उचलतो आणि फळ्यावर दोन डोंगर काढतो.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये हे जरा जास्तच विचित्र दिसतं, कारण तिथे खराखुरा डोंगर शहराच्या उशालाच आहे. मिशन पीकची उंची सुमारे अडीच हजार फूट. पाऊस इथे हिवाळ्यात पडतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत डोंगर हिरवागार, आणि आपल्याकडे श्रावणसरी चालू असतात तेव्हा तो वाळक्या गवताने पिवळा-तपकिरी झालेला. मुलं तो गाडीच्या काचेतून रोज बघतात. फळ्यावरचा डोंगर मात्र बाराही महिने हिरवा. ऑगस्टमध्ये एखादं मूल डोंगर पिवळा रंगवायला घेतं आणि बाई मायेने हिरवा तेलखडू पुढे करतात. वर्गात कला आणू पाहणाऱ्या शिक्षिकेला पहिल्यांदा काय शिकावं लागतं असं कुणी विचारलं, तर मी त्या हिरव्या खडूकडे बोट दाखवेन.

फ्रीमाँट तसं तरुण शहर. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं १९५६ मध्ये एकत्र आली आणि शहर झालं. २०२० च्या जनगणनेत वस्ती दोन लाख तीस हजारांच्या घरात, त्यातले निम्म्याहून अधिक लोक आशियाई वंशाचे. सिलिकॉन व्हॅलीतल्या नोकऱ्यांमुळे मराठी घरंही पुष्कळ. नवऱ्याच्या व्हिसाच्या जोरावर एच-फोरवर आलेल्या बायकांपैकी काहींना २०१५ पासून नोकरीची परवानगी मिळू लागली. इंजिनिअरिंग किंवा बी.कॉम. करून आलेली, स्वतःच्या मुलाला प्रीस्कूलला सोडता सोडता तिथेच रुजू झालेली मराठी शिक्षिका आता इथे नवलाची राहिलेली नाही. कुणी गाणं शिकलेली असते, कुणी कथक, कुणाची रांगोळी बघत राहावी अशी. त्यामुळे कला वर्गात आणायची म्हणजे आपल्याला जे येतं ते मुलांना शिकवायचं, अशी तिची साधी समजूत असते.

कॅलिफोर्नियातली या नोकरीची शिडी युनिटांची आहे. बालविकासाचे बारा युनिट झाले की असोसिएट टीचर. चोवीस युनिट आणि वर सामान्य विषयांचे सोळा झाले की टीचर. त्यापुढे एखाद्या शाखेचे सहा आणि मोठ्या माणसांकडून काम करून घेण्याचे दोन घेतले की मास्टर टीचर. वर्गात प्रत्यक्ष काम केल्याचे दिवस वेगळे मोजतात. गावातल्याच ओलोनी कॉलेजात हे अभ्यासक्रम घेता येतात. या शिडीवर कुठेही ‘तुम्हाला चित्र काढता येतं का’ असं विचारत नाहीत. बघता येतं का, हे मात्र विचारतात. निरीक्षण हा तिथे स्वतंत्र विषय आहे, आणि नव्या शिक्षिकेला तो सगळ्यात कंटाळवाणा वाटतो. ‘मुलगा आनंदाने चित्र काढत होता’ असं लिहिलं की कागद परत येतो, कारण आनंद हा तुमचा अंदाज झाला. दिसलं ते लिहा. मग नोंद अशी होते : ब्रश उजव्या मुठीत. निळा रंग. वरून खाली चार रेघा. थांबला. ब्रश डाव्या हातात घेतला. आणखी दोन रेघा, आधीच्यांपेक्षा आखूड. ‘पाऊस’ म्हणाला. शेजारच्या मुलीच्या कागदाकडे पाहिलं. स्वतःच्या कागदाच्या तळाला आडवी पट्टी ओढली.

अशा पाच-पंचवीस नोंदी झाल्या की बाईंच्या लक्षात येतं की ‘पाऊस’ हे नाव रेघांच्या मागून आलं. आपण आधी विषय देतो, मूल मात्र आधी रेघ ओढतं आणि मग ती कशासारखी दिसते ते ठरवतं.

हेच काम आयुष्यभर करत बसलेली एक बाई खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत होती. ऱ्होडा केलॉग तिचं नाव. ती तिथल्या बालवाड्यांची प्रमुख होती आणि मुलांच्या गिरगोट्या फेकून देत नसे. तिच्या स्वतःच्या हिशेबाने दहा लाखांच्या आसपास कागद तिने पाहिले, आणि १९६९ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. तिने गिरगोट्यांचे वीस मूळ प्रकार सांगितले. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी, नागमोडी, गरगर फिरवलेली, एकच बंद झालेला गोल असे. पुढे या रेघांचे आकार होतात, आकारात आकार घुसतात, गोलात फुली बसते. या गोलातल्या फुलीला तिने ‘मंडल’ हे आपल्याकडचंच नाव दिलं. त्यातून सूर्य, आणि सूर्याचे दोन किरण लांबले की पाय, दोन बाजूला आले की हात. मुलाने काढलेल्या पहिल्या माणसाला डोक्यातूनच हातपाय का फुटतात, याचा तिने लावलेला हा अर्थ. मूल माणसाकडे बघून माणूस काढत नाही, आधीच्या आपल्याच चित्रांतून त्याला माणूस सापडतो.

केलॉगचं सगळंच पुढे टिकलं नाही. मंडलाचा टप्पा प्रत्येक मुलाच्या वाटेवर येतोच असं नंतरच्या अभ्यासकांना दिसलं नाही, आणि जगातली सगळी मुलं एकाच जिन्याने वर चढतात हे म्हणणंही सैल पडलं. पण वर्गातल्या शिक्षिकेसाठी तिने केलेली एक गोष्ट पक्की आहे : गिरगोटीला वाचण्याजोगा मजकूर मानायचं. ते एकदा जमलं की ‘अरे वा, काय काढलंस? हत्ती का?’ हा प्रश्न तोंडातून निघत नाही. त्याऐवजी बाई म्हणतात, ‘इथे रेघा खूप दाट झाल्यात.’ मूल वर बघतं आणि कधी कधी दोन मिनिटं बोलतं. कधी बोलत नाही, तेही चालतं.

इथे एक गैरसमज मूळ धरतो. मुलाच्या मनाप्रमाणे म्हणजे मुलाला सोडून देणं, असं समजून काही वर्गांत रंगाच्या बाटल्या मांडतात आणि शिक्षिका हाताची घडी घालून उभी राहते. शेवटी टेबलावर चिखलाच्या रंगाचा एक थर उरतो. इटलीतल्या रेज्जो एमिलिया गावच्या बालशाळा बालकेंद्री शिक्षणाच्या जगात पंढरीसारख्या मानल्या जातात. लोरिस मालागुत्झी यांच्या पुढाकाराने त्यातली पहिली नगरपालिका-शाळा १९६३ मध्ये सुरू झाली. पण तिथे प्रत्येक शाळेत कलेची कार्यशाळा आणि ती सांभाळणारा कलाकार असतो, आणि मुलांना तार कशी वाकवायची, मातीला माती कशी जोडायची हे नीट दाखवतात. ब्रश धुवायचा कसा, गोंद किती घ्यायचा, कात्रीत अंगठा कुठे, हे शिकवावंच लागतं. हत्यार शिकवावं, त्या हत्याराने काय करायचं हे मुलावर सोडावं. ही रेघ ओढणं बोलायला सोपं आहे, वर्गात रोज वेगळ्या जागी पडते.

आता कणीक. फ्रीमाँटहून बार्ट रेल्वेने तासाभरात सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरला जाता येतं. तिथल्या एका हॉटेलाच्या पायऱ्यांवर ब्राँझचं गोल कारंजं आहे. जवळ गेलं की त्यावर सगळं शहर दिसतं : घरं, पूल, गाड्या, माणसं. हे ब्राँझ मुळात मीठ घातलेली कणीक होती. रूथ असावा या शिल्पकार बाईने अल्वराडो शाळेतल्या मुलांना आणि कितीतरी मोठ्या माणसांना ती मळून दिली, त्यांनी केलेल्या आकृत्या साच्यात ओतल्या आणि १९७३ मध्ये कारंजं उभं राहिलं. प्रमाण अगदी घरगुती : चार वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दीड वाटी पाणी.

असावाची हकीकत शिक्षिका होऊ पाहणाऱ्या प्रत्येकीने वाचावी. तिचा जन्म १९२६ चा, कॅलिफोर्नियातल्या जपानी शेतकरी कुटुंबातला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं, तेव्हा तिचं कुटुंब आधी सांता अनिताच्या रेसकोर्सवर, घोड्यांच्या तबेल्यात राहिलं. तिथे डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले चित्रकारही कोंडलेले होते. त्यांच्याकडे ती चित्र काढायला शिकली. पुढे मिलवॉकीला चित्रकलेची शिक्षिका व्हायला गेली, पण जपानी वंशाची म्हणून तिला सरावाचे पाठ घ्यायला वर्ग मिळेना आणि पदवी राहून गेली. तिथून ती ब्लॅक माउंटन कॉलेजात जोसेफ आल्बर्सकडे पोचली. पुढे सहा मुलांची आई झाल्यावर, स्वतःच्या मुलांच्या शाळेत कलेच्या नावाने काय चालतं ते पाहून, तिने १९६८ मध्ये सॅली वुडब्रिज यांच्याबरोबर अल्वराडो शाळेत कलेची कार्यशाळा सुरू केली. सामान म्हणजे दुधाची खोकी, अंड्यांचे ट्रे, उरलेली लोकर आणि कणीक. मुलांसमोर चित्रकार, वादक, माळी असे प्रत्यक्ष काम करणारे लोक आणायचे, हा तिचा आग्रह. हा उपक्रम शहरातल्या कितीतरी सरकारी शाळांत पसरला. ज्या बाईला एकेकाळी वर्ग नाकारला गेला, तिचं नाव २०१० पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कलाशाळेला आहे.

मराठी शिक्षिकेला कणकेची भीती नसते, धोका असतो तो तिच्या हातांच्या सवयीचा. चार वर्षांच्या मुलापुढे गोळा ठेवला की ते आधी बोट खुपसतं. मग चापट मारतं. मग तळहाताखाली लांब वळी करतं, ती तुटते, तुकडे ओळीने मांडतं. यात चांगली दहा मिनिटं जातात आणि बाईंचे हात शिवशिवतात, कारण त्यांना या गोळ्यात केव्हाच मोदक दिसलेला असतो. त्यांनी एक पाकळी पाडून दाखवली की संपलं. टेबलावरची आठही मुलं आपापला गोळा बाईंपुढे धरतात : ‘मलापण करून दे.’ बाईंना मात्र आपण छान शिकवलं असं वाटतं. यावरचा उपाय कुणीतरी अनुभवी सहकारीणच सांगते : तुम्हीही एक गोळा घ्या, पण त्याचं काहीच करू नका. नुसता मळत बसा. हाताला काम मिळतं आणि डोळे मुलांकडे राहतात.

चौथीच्या वर्गात याच रोगाचं मोठं रूप दिसायचं. कॅलिफोर्नियाच्या इतिहासात स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या वसाहती, म्हणजे मिशन, शिकवतात, आणि पिढ्यान् पिढ्या त्यावर एक प्रकल्प ठरलेला : मिशनची प्रतिकृती. साखरेचे चौकोनी खडे, नाहीतर दुकानातला थर्मोकोलचा तयार संच. आदल्या रात्री बाबा गोंद लावतात, मूल झोपलेलं. दिवाळीत बाजारातून प्लास्टरचा तयार किल्ला आणून अंगणात ठेवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फ्रीमाँटच्या मुलांसमोर तर अस्सल मिशन आहे. मिशन सॅन होजे १७९७ चं. त्याचं मातीचं चर्च १८६८ च्या भूकंपात पडलं, आज दिसतं ते १९८५ मध्ये पुन्हा बांधलेलं. ते ज्यांच्या कष्टाने उभं राहिलं त्या ओलोनी आदिवासींबद्दल साखरेचे खडे काहीच सांगत नाहीत. २०१६ मध्ये राज्याने इतिहासाचा नवा आराखडा काढला, त्यात या प्रतिकृतींमधून मुलांना फारसं काही कळत नाही असं मोकळेपणाने मान्य केलं.

मग करायचं काय? शहराच्या पश्चिमेला, खाडीकाठी कोयोटी हिल्स आहेत. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीची ओलोनी वस्तीची जागा आहे, आणि भोवती टूली नावाचं लव्हाळ्यासारखं पाणगवत माजलेलं. याच गवताच्या ओलोनींच्या होड्या, चटया आणि घरं. मुलांना वाळलेल्या गवताच्या चार काड्या देऊन ‘ही पाण्यावर तरंगती ठेवून दाखवा’ म्हटलं, तर काडी कशी बांधली म्हणजे सुटत नाही यावर तासभर खटपट चालते. त्या तासात हस्तकला आणि इतिहास वेगळे काढता येत नाहीत. कला ‘जोडीला’ आणली आहे की धड्याच्या पोटात आहे, हे ओळखायची माझी कसोटी एवढीच : कला काढून घेतली तर धडा शिल्लक राहतो का? साखरेच्या खड्यांच्या बाबतीत राहतो.

फ्रीमाँट ज्या अलमेडा काउंटीत आहे, तिथल्या शिक्षण कार्यालयाने शिक्षकांसाठी कला आणि विषय एकत्र बांधण्याचा अभ्यासक्रम चालवला, त्यात हार्वर्डच्या प्रोजेक्ट झिरो या संशोधनगटाच्या कल्पना वापरल्या होत्या. २००७ मध्ये आलेल्या या गटाच्या पुस्तकात चित्रकलेच्या चांगल्या वर्गात मुलांना लागणाऱ्या आठ सवयी आहेत, आणि हस्तकौशल्य त्यांतली फक्त एक. चिकाटी, नीट बघणं, मनात चित्र उभं करणं, केलेल्यावर विचार करणं या इतर काही. चित्र बघायची एक सोपी रीतही बऱ्याच शिक्षकांना माहीत असते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या कामातून ती फिलिप येनावाइन आणि अबिगेल हाउसन यांनी बांधली. चित्रासमोर तीनच प्रश्न : यात काय चाललंय? कशावरून? आणखी काय दिसतं? बाईंनी माहिती द्यायची नाही, मुलाने सांगितलेलं बोटाने दाखवायचं आणि आपल्या शब्दांत परत म्हणायचं. मधला ‘कशावरून’ सगळ्यात जड जातो, कारण आपल्याकडे तो बहुधा दरडावूनच विचारलेला असतो. तो कुतूहलाने विचारायला आवाजाचा रियाज लागतो.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर व्हिव्हियन पेली. शिकागोतल्या या बालवाडीच्या बाईंनी वर्गात टेपरेकॉर्डर ठेवला आणि रात्री बसून स्वतःचं ऐकलं. मुलं काहीतरी सांगू लागली की आपण मध्येच तोंड घालतो, हे त्यांना यंत्राने दाखवलं. पुढे त्यांची पद्धत ठरली : मूल गोष्ट सांगेल, बाई ती शब्दाला शब्द लिहून घेतील, आणि त्याच दिवशी सगळा वर्ग ती करून दाखवेल. चार ओळींची गोष्ट, दोन मिनिटांचं नाटक. १९८९ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. फ्रीमाँटच्या वर्गात ही पद्धत फार कामाची, कारण घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी मँडरिन, कुणी मराठी. सेंटरव्हिलच्या बाजूला तर अफगाण वस्ती इतकी मोठी की तिला ‘लिटल काबूल’ म्हणतात, तिथलं मूल दरी बोलत येतं. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला गोष्टीत झाड होता येतं, वाघ होता येतं. शब्दांवाचून गोष्ट करता येते, हे नाइल्समध्ये सांगायला संकोच वाटायचं कारण नाही. १९१५ मध्ये चार्ली चॅप्लिनने याच गावातल्या एसाने स्टुडिओसाठी पाच मूकपट केले, ‘द ट्रॅम्प’ त्यांतलाच.

हे सगळं अमेरिकेत शिकलो असं मराठी शिक्षिका सहज बोलून जाते, तेव्हा तिला कोसबाडची आठवण करून द्यावीशी वाटते. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं; पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघांनी तिथेच आयुष्य घातलं. माँटेसोरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यात कुठून आणणार? म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे. इकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामला देवीप्रसाद १९४४ पासून नई तालीमच्या मुलांना चित्रकला शिकवत होते, आणि कला हाच शिक्षणाचा पाया असं त्यांनी पुढे पुस्तकातून मांडलं. असावाचे अंड्यांचे ट्रे आणि अनुताईंचे शिंपले यांत वीसेक वर्षांचं अंतर आहे, आणि आधी शिंपले आले.

कॅलिफोर्नियातही ही गोष्ट सरळ रेषेत वाढत गेली नाही. १९७८ मध्ये मतदारांनी घरपट्टीवर मर्यादा घातली, शाळांचा पैसा आटला आणि बहुतेक ठिकाणी कुऱ्हाड आधी संगीत-चित्रकलेवर पडली. २०२२ च्या नोव्हेंबरात प्रपोझिशन २८ मंजूर झालं आणि सरकारी शाळांच्या कलेसाठी दरवर्षी वेगळी रक्कम ठरली. पहिल्या वर्षी ती सुमारे ९४ कोटी डॉलर होती. पाचशे किंवा जास्त मुलं असलेल्या शिक्षणमंडळांनी त्यातले ८० टक्के माणसं नेमण्यावरच खर्चायचे. त्यात २०२५-२६ पासून चार वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी सरकारी शाळेत ट्रान्झिशनल किंडरगार्टन आलं, दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण. म्हणजे शिक्षिका हव्यात, आणि कलेत रुळलेल्या तर हव्यातच. खासगी प्रीस्कूलांना यातलं काही मिळत नाही. मराठी शिक्षिकांपैकी बऱ्याच जणी तिथेच आहेत.

पैशापेक्षा रोजची परीक्षा संध्याकाळी दारात असते. फ्रीमाँटचे पालक मुलांच्या अभ्यासाबाबत जागरूक, जरा जास्तच. मुलाला पियानो, भरतनाट्यम, गणिताचा क्लास असं सगळं लावलेलं. त्यांना कला नको असते असं नाही; त्यांना ती दिसायला हवी असते. ‘आज काय बनवलं?’ आणि मूल रिकाम्या हाताने गाडीत बसतं. नवी शिक्षिका इथे हरते आणि दुसऱ्या दिवशी कापसाची वीस एकसारखी सशांची तोंडं घरी जातात. जुनी शिक्षिका तारखा टाकलेले कागद फायलीत ठेवते. सप्टेंबरचा कागद, जानेवारीचा, मेचा. पालकसभेत ती तिन्ही शेजारी मांडते. पहिल्यावर नुसती गरगर, दुसऱ्यावर गोल तोंडाशी येऊन जुळलेला, तिसऱ्यावर त्याच गोलाला खाली उतरणारा दांडा.

आई कागद बघते, कौतुकाने फोटोही काढते, आणि मग विचारते, ‘पण अहो, लिहायला कधी लागणार हा?’ बाई तिसरा कागद तिच्याकडे वळवतात. बंद झालेला गोल आणि त्याला चिकटलेली काठी. इंग्रजीत ‘ए’, ‘डी’, ‘पी’, आणि सुट्टीच्या दिवशी मराठी शाळेत जाईल तेव्हा ‘व’, ‘ब’, ‘क’. ‘सुरुवात जानेवारीत झाली,’ त्या म्हणतात, ‘आता पेन्सिल जाड द्या, आणि गिरवायला लावू नका.’